ॲनिमेशनपटातला बहिष्कृत आणि सुधारलेला खलनायक: दोन पात्रं घडवण्याची पद्धत

पाच-सात मिनिटांचा ॲनिमेशनपट करायला घेतला की दोन पात्रं हटकून सुचतात. एक सगळ्यांनी झिडकारलेलं, पण मनाने निर्मळ. दुसरं आधी छळणारं आणि शेवटी बदलणारं. नाशिकमध्ये ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांच्या वह्यांत ही जोडी मला सतत भेटते आणि दर वेळी आनंद होतो, कारण समोरच्याला समजून घ्यायला शिकवणारी याहून चांगली पात्रं मला माहीत नाहीत. अडचण येते ती शेवटाकडे. शेवटच्या अर्ध्या मिनिटात खलनायकाच्या डोळ्यांत पाणी येतं, तो मिठी मारतो, गाव टाळ्या वाजवतं आणि बघणाऱ्याच्या मनात काहीच हलत नाही.

याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: ही दोन पात्रं आपण एकाच साच्यातून काढतो. बहिष्कृताच्या गोष्टीत बदलायचं असतं गावाने. खलनायकाच्या गोष्टीत बदलायचं असतं त्याने स्वतः, आणि तेही पदरचं काहीतरी गमावून. हा फरक पहिल्या दिवशी कागदावर आला, तर पुढचं निम्मं काम सरळ होतं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्याच फरकावर उभ्या आहेत.

हे काम आपल्या गावाला नवं नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या फ्रेमगणिक सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ केला होता. १९१८ साली त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशिकमध्ये उभी राहिली आणि १९१९ साली ‘कालिया मर्दन’ आला. त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. खलनायकाला माफी कशी द्यावी याचा उत्तम नमुना त्या कालियाच्या कथेत आहे. त्याच्याकडे चौथ्या पायरीवर येऊ.

पायरी १: बदलायचं कोणी, ते आधी लिहा

वहीच्या पहिल्या पानावर दोन प्रश्न लिहा. या गोष्टीत चूक कोणाची? शेवटी वेगळं कोण वागतं? दोन्हींचं उत्तर एकच पात्र असेल, तर तुमची गोष्ट खलनायकाच्या बदलाची आहे. दोन्हींचं उत्तर ‘गाव’, ‘कळप’, ‘शाळा’ असं असेल, तर ती बहिष्कृताची आहे. पण चूक गावाची आणि बदलतो बहिष्कृत, असं दिसलं तर तिथेच थांबा. गोष्टीतच अन्याय शिरला आहे.

हा अन्याय फार सहज शिरतो. वेगळा म्हणून हाकललेला जीव संकटात साऱ्या गावाला वाचवतो आणि मग त्याला आत घेतात, हा साचा आपल्या इतका अंगवळणी पडलाय की त्यात काही खटकतच नाही. आता समोर बसलेल्या त्या मुलाचा विचार करा ज्याला वर्गात कोणी खेळायला घेत नाही. तो कोणालाही पुरातून वाचवणार नाहीये. तुमचा चित्रपट त्याला सांगतोय की जागा हवी असेल तर आधी पराक्रम कर.

नाशिककरांना याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व होतं, स्थानिक आघाडी दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली आणि लढा पुढे काही वर्षं चालला. तिथे आत जाऊ पाहणाऱ्यांनी आपला चांगुलपणा सिद्ध करण्याचा प्रश्न नव्हता. दार कोणी लावून घेतलं होतं, हा प्रश्न होता. बहिष्कृताची गोष्ट लिहिताना दाराच्या कोणत्या बाजूवर प्रकाश टाकायचा, हे या इतिहासातून शिकावं.

पायरी २: जागा निवडा आणि तिथे जाऊन बसा

पुढच्या पायऱ्या समजायला सोप्या जाव्यात म्हणून एक गोष्ट घेऊ. जागा गोदावरीच्या घाटावरचं रामकुंड, पात्रं कावळे.

रामकुंडावर दशक्रिया विधी चालतात. एरवी ज्याला ‘हाड् हाड्’ करून उडवतात, त्याच कावळ्याची तिथे माणसं हात जोडून वाट बघतात. पिंडाला शिवत नसेल तर गेलेल्या माणसाच्या इच्छा आठवून मोठ्याने वचनं देतात. तरीही आला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. हाकलला जाणारा आणि आळवला जाणारा पक्षी एकच. पात्राच्या दृष्टीने हे सोनं आहे, आणि ते कोणत्याही परदेशी चित्रपटात सापडणार नाही.

कावळ्याचं आणखी एक वास्तव आहे. कोकिळा आपलं अंडं कावळ्याच्या घरट्यात घालते आणि पिल्लू कावळेच वाढवतात. नर कोकीळ काळाकुळकुळीत असतो. आपल्याकडच्या घरकावळ्याची मान मात्र राखाडी असते. झाला आपला बहिष्कृत: घाटावरच्या पिंपळात कावळ्यांनी वाढवलेलं कोकिळाचं पिल्लू. नाव बाळू. मान राखाडी होत नाही आणि एक दिवस घशातून ‘काव’ऐवजी ‘कुहू’ निघतं. त्याला वाढवणारी गंगू. आणि कळपाची म्होरकी, म्हातारी बायजा, आपली खलनायिका.

वही घेऊन सकाळी लवकर घाटावर जा. चार-पाच दिवस तरी नुसती रेखाटनं करा. फोटोवरून काढलेला कावळा आणि समोर बसून काढलेला कावळा यांत किती फरक असतो, ते सातव्या पायरीवर कळेल. विधी चालू असलेल्या कुटुंबांकडे मोबाईल रोखू नका. ती माणसं दुःखात असतात.

पायरी ३: बहिष्काराचे नियम ठरवा

‘सगळे त्याचा तिरस्कार करतात’ हे वाक्य पटकथेत चालत नाही, कारण ते काढता येत नाही. बहिष्कार म्हणजे रोज पाळले जाणारे नियम. आपल्याकडे माणसाला वाळीत टाकायचे तेव्हा पाणी, विस्तव, बोलणं, लग्नकार्यातलं बोलावणं असं एकेक बंद व्हायचं. ते इतकं ठोस होतं की त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तुमच्या कळपातही तितकाच ठोसपणा हवा.

तीन नियम लिहा, जास्त नकोत. आमच्या गोष्टीचे असे:

मान राखाडी, तो आपला.
एकाने हाक दिली की बाकीच्यांनी उत्तर द्यायचं.
कळपाबाहेरच्याच्या हाकेला उत्तर द्यायचं नाही.

दुसरा नियम बघा. तो प्रेमाचा आहे. पहिल्या मिनिटात एका ‘काव’ला पाच ठिकाणांहून ‘काव, काव’ येताना ऐकू आलं की बघणाऱ्याला हा कळप आवडायला लागतो. बाळूलाही तो आवडतो. पुढे त्याच्या ‘कुहू’नंतर जी शांतता पसरते, ती याच प्रेमामुळे बोचते. क्रूरपणा दाखवायला चोची मारायची फारशी गरज उरत नाही. कळप वाईट दाखवण्याआधी हवाहवासा दाखवा. ज्या घरात कोणालाच परत यावंसं वाटणार नाही, तिथून हाकललं गेल्याचं दुःख पडद्यावर पोचत नाही.

बहिष्कृताला कीव येण्याजोगा करू नका. बाळूला काहीतरी आवडू द्या (घाटाजवळच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेचा आवाज त्याला वेड लावतो), काहीतरी नेमकं हवं असू द्या (कोणीतरी एकदा उत्तर द्यावं), आणि एखादा दुर्गुणही असू द्या. आमचा बाळू हट्टी आहे, गंगूने सांगितलेलं ऐकत नाही. केवळ सोसणारं, सद्गुणी पात्र दोन मिनिटांत कंटाळवाणं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे सहानुभूती मिळायला निर्दोष असावं लागतं, असा त्याचा अर्थ निघतो.

पायरी ४: खलनायकाला कारण द्या, सबब देऊ नका

आता कालिया. भागवताच्या दशम स्कंधात तो यमुनेच्या डोहात विष कालवणारा नाग आहे. गोकुळाच्या नजरेतून तो नुसता दुष्ट. पण तो तिथे का आला, हेही त्याच कथेत आहे. नागांनी गरुडाला बळी द्यायचा करार होता, कालियाने गर्वाने तो मोडला, गरुडाशी लढला, हरला आणि पळाला. सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुड त्या डोहाकडे फिरकू शकत नव्हता, म्हणून तो तिथे लपला. म्हणजे ज्याला सगळं गोकुळ घाबरतं, तो स्वतः भीतीपोटी तिथे दडून बसलेला आहे.

पुढचा भाग पटकथा लिहिणाऱ्याने पुनःपुन्हा वाचावा. नागपत्नी गयावया करतात. कालिया म्हणतो की आम्ही जन्मापासूनच खल, स्वभाव सुटणं अवघड. कृष्ण त्याला मारत नाही, पण डोहात राहूही देत नाही. कुटुंबकबिल्यासह समुद्राकडे परत जा म्हणतो, आणि डोक्यावर माझी पावलं उमटली आहेत म्हणून गरुड आता तुला खाणार नाही, असं अभय देतो. गोकुळाचं पाणी स्वच्छ होतं, हा न्याय. कालियाला जागा सोडावी लागते, ही किंमत. आणि ज्या भीतीपोटी तो तसा वागत होता ती भीतीच काढून घेतली जाते, हा उपाय. तीनही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि तीनही लागतात. आपल्या बहुतेक लघुपटांत फक्त तिसरी असते.

बायजाचं कारण काय? काही वर्षांपूर्वी तिच्याच घरट्यात कोकिळेने अंडं घातलं. तिची स्वतःची पिल्लं जगली नाहीत. तिने उन्हातान्हात परकं पिल्लू पोसलं आणि ते एक दिवस ‘कुहू’ करून उडून गेलं. बाळूचा आवाज ऐकताच ती का पिसाळते, हे आता कळतं. पण लगेच दुसरी ओळ लिहा: बाळूने तिचं काय वाकडं केलंय? काहीच नाही. ही दुसरी ओळ पात्राच्या पानावर ठळक अक्षरांत राहू द्या. दुखावलेलं असणं हे कारण झालं. त्या दुखण्याचा सूड भलत्यावर उगवणं ही चूकच राहते, आणि चित्रपटाने तिला चूकच म्हणायला हवं.

बायजाच्या हातून खरं नुकसानही घडू द्या. आमच्या पटकथेत ती पिंपळावरचं गंगूचं घरटं मोडते. नुसतं खवचट बोलणाऱ्या खलनायकाचं मन पालटलं तर कोणाला काय पडलंय? घरटं मोडलेलं दिसलं असेल, तरच पुढचा प्रश्न जड होतो.

पायरी ५: बदल चार टप्प्यांत मांडा

समज येणं आणि बदलणं यांत अंतर असतं. पंचवटीचाच मारीच घ्या. वाल्मीकि रामायणात रामाच्या बाणांची धास्ती बसल्यानंतर तो तपस्व्यासारखा राहतो. रावण मदत मागायला येतो तेव्हा त्याला परोपरीने समजावतो. हे चुकीचं आहे, यात लंकेचा नाश आहे, सगळं त्याला कळतं. तरी रावण ठार मारीन म्हणाल्यावर तो सोन्याचा मृग होतो, आणि मरताना रामाचा आवाज काढून सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारतो. कळून काही उपयोग झाला नाही, कारण कृती तीच राहिली. तुमच्या खलनायकाच्या डोळ्यांत पाणी येतं तेव्हा तो फक्त मारीचापर्यंत पोचलेला असतो.

टप्पे असे मांडा.

पहिला, तडा. खलनायकाच्या मनातलं उत्तर हलवणारी एक छोटी घटना. वाल्या कोळ्याला नारद उपदेश करत नाहीत, एक प्रश्न विचारतात: ज्यांच्यासाठी हे करतोस ते पापात वाटेकरी होतील का? घरचे नाही म्हणतात. रांजण भरतील इतक्या खड्यांनी जे झालं नव्हतं, ते एका ‘नाही’ने होतं. बायजाला तडा जातो तो गंगूमुळे. मोडलेल्या घरट्याच्या काड्या गंगू पुन्हा गोळा करत असते, बायजाकडे बघतसुद्धा नाही.

दुसरा, माघार. इथे धीर धरा, हाच टप्पा सगळे गाळतात. तडा गेल्यावर पात्राला सुधारण्याची सोपी संधी द्या आणि ती त्याला दवडू द्या. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ (२००५ ते २००८) या मालिकेतला, नायकाचा पाठलाग करणारा राजपुत्र झुको दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, काका समोर उभा असताना, बहिणीची बाजू घेतो. बघणारा हळहळतो. तिसऱ्या पर्वात तो वडिलांना सोडून येतो तेव्हा त्याला वजन येतं ते या चुकलेल्या वळणामुळे. आमच्या गोष्टीत बाळू संध्याकाळी बायजापासून फांदीभर अंतरावर येऊन हाक देतो. आजूबाजूला कोणी नाही. ती चोच उघडते. तेवढ्यात दोन कावळे येऊन बसतात आणि ती चोच मिटते.

तिसरा, निर्णय. तो एका कृतीत दिसला पाहिजे आणि ती कृती खलनायकाच्या आधीच्या गुन्ह्याच्या नेमकी उलट हवी. पुराची रात्र. गोदावरी चढतेय. ओल्या पंखांनी बाळू नारोशंकराच्या घंटेखाली अडकलाय, अंधारात दिशा कळत नाही, हाका मारतोय. कळप गप्प, कारण गप्प बसायला बायजानेच शिकवलंय. बायजा सगळ्यांसमोर उत्तर देते. एकदा, मग पुन्हा, मग पहाटेपर्यंत. तिने झुंज दिली, पुरात उडी मारली, असं काहीही मी घेतलं नाही. उत्तर नाकारणं हा गुन्हा होता, म्हणून उत्तर देणं हाच निर्णय.

चौथा, किंमत. तिच्यासाठी पुढची पायरी राखून ठेवली आहे.

नाशिकचा पूर इथे आयता कामाला येतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, यावरून गाव पुराचा अंदाज बांधतं. चित्रपटात तेच घड्याळ करा. एकाच लेआउटचे, म्हणजे चौकटीतल्या त्याच मांडणीचे, तीन शॉट, प्रत्येकात पाणी वर. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि एका शब्दाविना वेळ संपत चालल्याचं कळतं.

पायरी ६: माफी कोण देणार आणि किंमत काय

बौद्ध परंपरेतला अंगुलिमाल हत्या करणारा, बुद्धाच्या भेटीनंतर भिक्षू झालेला. गोष्ट तिथे संपत नाही. तो भिक्षेला जातो तेव्हा लोकांची ढेकळं, काठ्या, खापऱ्या त्याला लागतात, डोकं फुटतं, पात्र फुटतं, चीवर फाटतं. तो रक्तबंबाळ होऊन परततो तेव्हा बुद्ध त्याला हे सहन कर म्हणतात. तो खरोखर बदललेला आहे, तरी लोकांच्या आठवणी पुसल्या जात नाहीत. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या, म्हणजे बौद्ध लेण्यांच्या, पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे जाल तेव्हा वर लेण्यांतही चढून जा आणि थोडं थांबून या प्रसंगाचा विचार करा. बदललेल्या पात्राचं याहून प्रामाणिक चित्रण मला ठाऊक नाही.

किंमत ठरवताना पात्राला सगळ्यात प्रिय काय आहे ते शोधा आणि तेच काढून घ्या. बायजाला मान प्रिय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ‘काव’ करते आणि कळपातून उत्तर येत नाही. तिने घातलेला तिसरा नियम तिच्यावरच उलटलाय. खलनायकाला मरण देऊन सुटका करून घेऊ नका. जीव देऊन पापक्षालन करणं लिहायला फार सोपं असतं. बदलून जगत राहणं अवघड असतं, आणि तेच बघायला मिळत नाही.

माफीचा हक्क ज्याचं नुकसान झालं त्याचा. गंगूने माफ करावं असं तुम्हाला वाटत असेल, तर तिला तेवढा वेळ आहे का बघा. पाच मिनिटांत बहुधा नसतो. आमच्या पटकथेत गंगू माफ करत नाही. ती घरट्यासाठी काड्या आणतेय, बायजा एक काडी आणून फांदीवर ठेवते, गंगू ती काडी लगेच उचलत नाही. शॉट तिथे कापला आहे.

आणि बाळू? त्याने कोणाला वाचवलं नाही, काही सिद्ध केलं नाही. पूर ओसरल्यावर तो घंटेवर बसून ‘कुहू’ करतो आणि कळपातलं एक तरणं पिल्लू, नियम मोडून, ‘काव’ म्हणतं. कळपाची गोष्ट बदलली ती तिथे, बायजाच्या गोष्टीपासून अलग. दोन धागे एकाच मिठीत बांधायचा मोह आवरा.

पायरी ७: हे सगळं रेषेत आणा

आधी सिल्हूट. प्रत्येक पात्र नुसतं काळं भरून बघा, ओळखू येतंय का. आमच्याकडे सगळीच काळी, त्यामुळे आकारावरच भिस्त. बायजा चौकोनी, मान खांद्यांत खुपसलेली. बाळू सडपातळ, शेपूट लांब. गंगूची पिसं कायम थोडी विस्कटलेली. खलनायक म्हणजे टोकदार भुवया, हिरवा उजेड, वाकडं नाक असं काही करू नका. व्यंग किंवा कुरूपता हे दुष्टपणाचं चिन्ह केलं, की पहिल्या पायरीवर सावरलेला अन्याय मागच्या दाराने परत येतो. डिझ्नीच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) मधला राक्षस घडवताना ग्लेन कीन यांनी सिंहाची आयाळ, रानडुकराचे सुळे, अस्वलाचं धड, लांडग्याचे पाय असं एकत्र आणलं, पण डोळे माणसाचे ठेवले. त्या डोळ्यांमुळेच पुढचा बदल पटतो.

मग डोळा आणि मान. इथे घाटावरची रेखाटनं कामी येतात. कावळ्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. एखादी गोष्ट निरखायची तर तो मान वळवून एक डोळा तिच्यावर लावतो. मान वळते ती झटक्यात, आणि मग काही क्षण तशीच स्थिर राहते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हा झटका दोन-तीन फ्रेमचा आणि नंतरचा थांबा १०-१२ फ्रेमचा ठेवा, कावळा लगेच जिवंत वाटतो. आता याचा अभिनयासाठी उपयोग करा. संपूर्ण चित्रपटभर बायजा बाळूकडे एकाच डोळ्याने, कडेने बघते. मान नेहमी दोन फ्रेममध्ये वळते. निर्णयाच्या क्षणी तीच मान १६ फ्रेम घेते आणि पहिल्यांदाच चोच सरळ कॅमेऱ्याकडे येते, दोन्ही डोळे दिसतात. संवाद नाही, संगीत नाही. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी बदललंय हे त्याला जाणवेल.

मुखवट्यांतून अभिनय कसा करावा हे शिकायचं असेल, तर पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, बघून या. लाकडी मुखवट्यावरचे भाव हलत नाहीत, तरी मान झुकवण्याने आणि पावलांच्या लयीने सोंग रागावतं, थकतं. चोच असलेल्या पात्रांना हेच लागतं, कारण चोचीला ओठ नसतात आणि हसू काढता येत नाही.

रंगांचं थोडक्यात: बायजासाठी वेगळा ‘दुष्ट’ रंग नको. तिच्या राखाडी मानेचा रंग आणि बाळू ज्या दगडी कठड्यावर एकटा बसतो त्याचा रंग एकच ठेवा.

पायरी ८: आवाज आणि शांतता

आवाज चित्रांच्या आधी करा. मोबाईलवर घाटाचे आवाज नोंदवा: पाणी, घंटा, मंत्र, भांडी, पंखांची फडफड. कावळ्यांना माणसाचे संवाद द्यायचे की नाही हे तुमच्यावर. दिलेत तर पंचवटीत जशी बोलतात तशी मराठी द्या, डबिंगमधली गुळगुळीत मराठी नको. आम्ही संवाद ठेवलेले नाहीत. शांतता मात्र मोजून लिहा. बाळूच्या पहिल्या हाकेनंतर ४८ फ्रेम, म्हणजे दोन सेकंद. दुसऱ्या हाकेनंतर तीन. पुराच्या रात्री पाच. स्टोरीबोर्डवरच (शॉटगणिक काढलेल्या चित्रांच्या आराखड्यावर) हे आकडे टाका, नाहीतर संकलनात कोणीतरी ‘रिकामं वाटतंय’ म्हणून तिथे बासरी टाकेल.

पायरी ९: ॲनिमॅटिक, आणि मगच ॲनिमेशन

पाच मिनिटं म्हणजे ७,२०० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमला धरलं तरी ३,६०० चित्रं. एवढं काढून झाल्यावर पात्र बदलावंसं वाटलं, तर कोणाचीच हिंमत होत नाही. म्हणून स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार लावून, कच्च्या आवाजासह ॲनिमॅटिक करा आणि सगळी भांडणं त्याच्यावर भांडा. क्रिता, ओपनटूंझ, ब्लेंडर ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. सवय असेल ते घ्या. ‘फ्रोझन’ (२०१३) मधली एल्सा आधीच्या आराखड्यात खलनायिका होती. तिच्यासाठीचं मुख्य गाणं तयार झाल्यावर ती दुष्ट वाटेना, आणि कथा नव्याने बांधावी लागली. मोठ्या स्टुडिओलाही पात्राचं ऐकावं लागतं. तुम्ही ऐकायची जागा ॲनिमॅटिकची आहे.

ॲनिमॅटिक तयार झालं की आठ-दहा वर्षांच्या मुलांना दाखवा, आणि पहिल्यांदा आवाज बंद ठेवून. ओळखीच्या मोठ्यांना दाखवलं तर ते कौतुक करतात, त्याचा उपयोग नाही. मुलांना तीन गोष्टी विचारा. बाळूला का हाकललं? उत्तर ‘तो वेगळा होता म्हणून’ असं आलं तर ठीक, ‘तो वाईट होता म्हणून’ असं आलं तर तिसऱ्या पायरीवर परत जा. बायजा असं का वागली? कोणालाच सांगता आलं नाही, तर तिच्या जुन्या घरट्याचा प्रसंग पुढे आणा किंवा दहा सेकंदांनी वाढवा.

तिसरा प्रश्न: बायजाला कळपाने परत घ्यावं का? सगळी मुलं एका सुरात ‘हो’ म्हणाली, तर तिने मोजलेली किंमत कमी पडतेय, सकाळच्या त्या एकट्या ‘काव’नंतरची शांतता वाढवा. सगळी ‘नाही’ म्हणाली, तर माघारीचा टप्पा नीट उतरलेला नाही. चोच उघडून मिटण्याचा शॉट जवळून घ्या आणि जास्त वेळ ठेवा. निम्मी हो म्हणताहेत, निम्मी नाही म्हणताहेत आणि एकमेकांना घरट्याची आठवण करून देताहेत, असं झालं की ॲनिमॅटिक बंद करा आणि की पोझेस, म्हणजे हालचालीतल्या मुख्य स्थिती, काढायला बसा.